गाडीचे पॉलिश: आता पुरे, हे ओळखायचे कसे?

दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात मुंबईतल्या भांडुप, नाहूर, मुलुंड या पट्ट्यातल्या गॅरेजांत गाड्यांची गर्दी होते. पावसाळा सरलेला असतो, बोनेटवर पाण्याचे डाग वाळून बसलेले असतात आणि झेंडूचा हार घालण्याआधी गाडी झळाळून उठावी असे घरातल्या सगळ्यांना वाटत असते. गॅरेजवाला सांगतो, “साहेब, एकदम आरसा करून देतो.” मग रबिंग-पॉलिशचे किती होतील आणि गाडी कधी मिळेल, एवढे बोलणे होते. काम कुठे थांबवायचे हे मात्र कोणी ठरवत नाही.

खरे तर या कामातला सगळ्यात मोठा निर्णय थांबण्याचाच असतो. पॉलिश केल्याने गाडीवर काही चढत नाही, उलट रंगाचा सर्वांत वरचा थर थोडा थोडा घासून निघतो आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून ‘एकही ओरखडा उरला नाही’ ही पुरे म्हणण्याची खूण होऊ शकत नाही. गाडी रोज ज्या उजेडात आणि जितक्या अंतरावरून दिसते, तिथे उरलेल्या रेघा डोळ्याला खटकेनाशा झाल्या आणि आणखी घासून मिळणारी चमक जाणाऱ्या थराच्या मानाने क्षुल्लक वाटू लागली, की काम पुरे झाले. हा क्षण नेमका कसा ओळखायचा, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

रंगाचे थर किती आणि केवढे

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर चार थर असतात. पत्र्याला गंजापासून वाचवणारा पहिला थर विजेच्या साहाय्याने बसवतात, तो साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर, ३० ते ३५ मायक्रॉन. मग प्रत्यक्ष रंग, ज्याला बेस कोट म्हणतात, तो जेमतेम १५ ते २० मायक्रॉन. सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. सगळे मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १४० मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे चमक, रंग आणि गंजापासून संरक्षण हे सगळे दोन केसांच्या जाडीत सामावलेले आहे, आणि पॉलिशच्या वाट्याला त्यातला फक्त वरचा थर येतो.

हा क्लिअर कोट केवळ चमकेसाठी नसतो. सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारी रसायने त्यात असतात. तो फार पातळ झाला की खालचा रंग फिका पडू लागतो आणि काही वर्षांनी टपावर, बोनेटवर पांढरट पापुद्रे सुटू लागतात. ती वेळ आली की पॉलिशचा उपयोग नसतो, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

बारीक पॉलिशच्या एका फेरीत एक ते तीन मायक्रॉन जातात. जाड कंपाउंड आणि लोकरी पॅड वापरले तर याहून जास्त, आणि वॉटर पेपर (ओला करून घासायचा बारीक सँडपेपर) लावला तर पाच किंवा त्याहून अधिक. गाडीच्या सबंध आयुष्यात क्लिअर कोटमधून एकूण सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये, असा संकेत जाणकार पाळतात. दरवर्षी दसऱ्याला कंपाउंड मारून घेणाऱ्या गाडीचा हा वाटा दोन-तीन वर्षांतच संपू शकतो.

रबिंगची सवय कुठून आली

ही सवय जुन्या गाड्यांपासूनची आहे. नाहूरजवळून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, दक्षिणेकडे कुर्ल्याला जातो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यातच होता. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ही गाडी मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत धावली.

त्या पिढीच्या गाड्यांवर पारदर्शक थर नसे. रंग आणि चमक एकाच थरात असत. ऊन-पावसाने वरचा भाग निर्जीव झाला की पेंटर हाताने कंपाउंड घासत, फडक्याला गाडीचा रंग लागे आणि खालून ताजा रंग वर येई. रंगाचे हातही जाड चढवलेले असत, त्यामुळे वरचेवर घासले तरी चाले. आपल्याकडची ‘रबिंग’ची पद्धत या काळात मुरली आणि ती चुकीची नव्हती.

आजच्या गाडीवर तोच जोर, तेच कंपाउंड आणि तीच वारंवारता चालत नाही. तुमच्या गाडीवर कोणता रंग आहे हे घरीच कळते. डिकीच्या खालच्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हलके घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकच आहे. रंग लागला नाही तर वर क्लिअर कोट आहे. काही गाड्यांच्या साध्या, चमकी नसलेल्या रंगांवर अजूनही क्लिअर कोट नसतो, म्हणून ही चाचणी करून पाहावीच.

नाहूरमधल्या गाडीवर रेघा येतात कुठून

शास्त्री मार्गावर मेट्रो ४ चे काम आणि नाहूरला गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे काम, यांमुळे या भागात वर्षानुवर्षे सिमेंट आणि वाळूची धूळ हवेत आहे. वाळूतले स्फटिक क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. धूळ नुसती बसून राहिली तर फार बिघडत नाही. रेघा पडतात ती धूळ कोरड्या फडक्याने पुसल्यावर.

सोसायट्यांमध्ये पहाटे बादली आणि फडके घेऊन वीस-पंचवीस गाड्या पुसणारी माणसे कष्टाचे काम करतात. पण एका बादलीतले पाणी दुसऱ्या-तिसऱ्या गाडीनंतर गढूळ होते आणि फडक्यात अडकलेली वाळू पुढच्या प्रत्येक गाडीवर फिरते. गाडीवरच्या बारीक रेघांतल्या बहुतेक अशाच पडतात. त्यांचा दोष त्या माणसांवर टाकण्यात अर्थ नाही. स्वतःचे वेगळे मायक्रोफायबर फडके त्यांना द्यावे आणि आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी अशी विनंती करावी. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

पाण्याचाही वाटा असतो. बऱ्याच सोसायट्यांत गाड्या धुण्यासाठी बोअरिंगचे किंवा टँकरचे पाणी वापरतात. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उन्हात वाळून पांढरे गोल डाग पडतात. डाग ताजे असताना पाणी आणि पांढरे व्हिनेगर निम्मे-निम्मे घेऊन पुसले तर ते निघतात. महिनोन्‌महिने राहिले तर क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतात. कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेतले आम्ल तर एका दुपारीही ठसा उमटवू शकते. पर्जन्यवृक्षाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीवर पिठ्या ढेकणांचा चिकट स्राव पडतो आणि त्याला धूळ धरते. दसऱ्याला गाडीवर लावलेले हळद-कुंकूही कोरडे पुसू नये, पाण्याने धुऊन काढावे.

हे सगळे आधी सांगायचे कारण असे, की रेघा पडण्याची वाट बंद केली नाही तर केलेले पॉलिश दोन महिने टिकते आणि पुन्हा घासण्याची पाळी येते.

रेघ दिसते म्हणजे काय होते

उन्हात बोनेटकडे पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघांचे वलय दिसते. गॅरेजमध्ये याला स्वर्ल म्हणतात. या रेघा प्रत्यक्षात गोल नसतात. पृष्ठभागावर त्या सर्व दिशांना आडव्यातिडव्या पसरलेल्या असतात, पण येणाऱ्या प्रकाशाला आडव्या पडलेल्या रेघाच तो डोळ्याकडे फेकतात. म्हणून दिवा हलवला की वलयही हलते.

अशी बारीक रेघ एखाद-दोन मायक्रॉन खोल असते. पॉलिश ती बुजवत नाही, तिच्या आजूबाजूचा पृष्ठभाग खाली आणते. पण दर वेळी तळापर्यंत उतरायची गरज नसते. रेघेच्या धारदार कडा गुळगुळीत झाल्या की प्रकाश विखुरणे थांबते आणि थोडी खोली शिल्लक असूनही ती नजरेतून जाते. ‘पुरे’ म्हणणे शक्य होते ते याच गुणामुळे. रेघ नाहीशी करायला दोन मायक्रॉन जात असतील, तर ती दिसेनाशी करायला एक मायक्रॉनही पुरतो.

मशीन लावण्याआधी

पहिले काम धुण्याचे. धूळ असताना पॅड फिरवला तर वाळूच रंगात घासली जाते. धुतल्यावर तळहात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून बोनेटवरून अलगद फिरवा. खरखर लागली तर सिमेंटचे, लोखंडाचे, रंगाचे कण रुतून बसलेले आहेत. ते क्ले बार नावाच्या मऊ मातीच्या वडीने, भरपूर ओलावा ठेवून काढावे लागतात.

दुसरे काम जाडी मोजण्याचे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र पोलादी पत्र्यावर चुंबकीय पद्धतीने आणि ॲल्युमिनियमवर वेगळ्या विद्युत पद्धतीने आकडा देते. प्लॅस्टिकच्या बंपरवर ही साधी यंत्रे चालत नाहीत. आकडा १०० ते १४० च्या आसपास असेल तर मूळ रंग असण्याची शक्यता अधिक. २०० च्या वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवला असावा, आणि त्याच्या कित्येक पट आला तर खाली पुट्टी भरलेली आहे. ८० च्या खालचा आकडा धोक्याचा समजावा. एक गोष्ट ध्यानात ठेवायची, की हे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते. क्लिअर कोट किती उरला आहे याचा केवळ अंदाज बांधता येतो. म्हणून आकडा चांगला आला तरी हात राखूनच काम करावे.

तिसरी चाचणी नखाची. रेघेवरून नख आडवे फिरवा. नख अडकले तर ती रेघ पॉलिशने जाणार नाही, तिचा नाद सोडावा. रेघेच्या तळाशी पांढरे किंवा राखाडी दिसत असेल तर ती प्रायमरपर्यंत गेली आहे आणि तिथे टचअपचा रंग भरणेच योग्य. पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी असल्याने इथली हवा खारी आणि दमट असते. पत्रा उघडा पडलेल्या जागी गंज लवकर धरतो, म्हणून दगड लागून उडालेला टवका पॉलिशआधी बुजवावा.

आधी दोन फुटांवर प्रयोग

सगळी गाडी एकदम घासायला घेऊ नये. बोनेटवर दोन फूट लांब, दोन फूट रुंद जागा घ्यावी, बाजूने टेप लावावी आणि सर्वांत सौम्य जोडीने सुरुवात करावी: मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश. मशीन तीन-चार वेळा फिरवून झाले, म्हणजे एक फेरी झाली, की पुसून पाहावे. रेघा पुरेशा गेल्या नाहीत तरच थोडा कडक पॅड घ्यावा, आणि तेही अपुरे पडले तर कंपाउंड. ज्या जोडीने मनाजोगे दिसले तीच सगळ्या गाडीला लावावी. त्याहून कडक लावायचे कारण नाही.

ही पायरी गाळता येत नाही, कारण प्रत्येक रंगाचा कडकपणा वेगळा असतो. जपानी कंपन्यांचे रंग सहसा मऊ आणि जर्मन कंपन्यांचे सहसा कडक, असा कारागिरांचा अनुभव असला तरी एकाच कंपनीच्या दोन गाड्यांतही फरक निघतो. मऊ रंगावर जाड कंपाउंड लावले तर रेघा जातात, पण धुरकटपणा येतो आणि तो काढायला पुन्हा बारीक पॉलिशची फेरी लागते.

मशीनचाही फरक पडतो. एकाच जागी गरगर फिरणारी रोटरी लवकर कापते, पण तशीच लवकर तापते आणि नवशिक्या हातात रंगावर लाटांसारख्या छटा सोडते, ज्यांना होलोग्राम म्हणतात. फिरता फिरता झुलणारे ड्युअल ॲक्शन मशीन सावकाश पण सुरक्षित काम करते. घरी शिकणाऱ्याने तेच घ्यावे.

पुरे झाल्याच्या खुणा

१. तेल पुसल्यावरही चमक तशीच आहे. पॉलिशमधले तेल आणि मेण रेघांत बसून त्या तात्पुरत्या झाकतात. पाण्यात १०-१५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून ती जागा पुसावी. त्यानंतर जे दिसते तेच खरे. दोन धुण्यांत उतरणारी चमक या एका पुसण्यात उघडी पडते.

२. तीन उजेडांत तपासले आहे. ट्यूबलाइटचा उजेड पसरट असतो, त्यात रेघा लपतात. म्हणून गॅरेजच्या ट्यूबखाली गाडी ताब्यात घेऊ नये. आधी एलईडी टॉर्चने, मग उघड्या उन्हात आणि शेवटी तुमच्या नेहमीच्या पार्किंगमधल्या दिव्याखाली पाहावे. टॉर्च अगदी जवळ धरल्यावर दोन-चार रेघा दिसणारच. उन्हात, हातभर अंतरावरून त्या दिसत नसतील तर पुढे जाऊ नये.

३. प्रतिबिंबाची कड स्वच्छ आहे. विजेचा खांब किंवा इमारतीची कड बोनेटवर पाहा. कड रेखीव दिसली आणि भोवती धुके नसले तर पृष्ठभाग सपाट झाला आहे. प्रतिबिंब किंचित लहरत असेल तर तो संत्र्याच्या सालीसारखा पोत आहे. बहुतेक गाड्या कारखान्यातूनच तसा पोत घेऊन येतात. तो काढायला वॉटर पेपर लावावा लागतो आणि क्लिअर कोटचा मोठा भाग जातो. रोजच्या गाडीवर ते करू नये.

४. पुढच्या फेरीने फरक पडेनासा झाला आहे. प्रयोगाच्या जागेवर आणखी एक फेरी मारून शेजारच्या भागाशी ताडून पाहा. फरक शोधावा लागत असेल तर आधीचीच फेरी शेवटची होती.

५. दिशेच्या छटा उरलेल्या नाहीत. तिरक्या उन्हात बोनेटवर सरकणाऱ्या छटा दिसल्या तर काम अर्धवट आहे. इथे थांबण्याऐवजी मऊ पॅडने शेवटची हलकी फेरी द्यावी. पुरे आणि अपुरे यांतला हा फरक तितकाच महत्त्वाचा आहे.

रंगाप्रमाणे अपेक्षाही बदलावी. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर रेघा फारशा दिसत नाहीत, तिथे एका हलक्या फेरीत काम भागते. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर सगळे दिसते आणि पुढेही दिसत राहील. तिथे मोह जास्त होतो, म्हणून शिस्तही जास्त लागते.

जिथे लवकर थांबायचे

दारांच्या कडा, बोनेटवर उठलेल्या रेषा, मडगार्डचे वळण, हँडलभोवतीची जागा इथे रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या टोकावर येतो. या जागांवर टेप लावून ठेवावी आणि शेवटी हाताने हलके पॉलिश करावे. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता लवकर सोडत नाही, तिथे मशीन एका जागी रेंगाळू देऊ नये. पत्रा हाताला गरम लागला तर थांबावे. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या बोनेटवर काम सुरूच करू नये.

नुकत्याच रंगवलेल्या भागावर वॅक्स किंवा कोटिंग लावण्याआधी पेंटर सांगेल तितके दिवस थांबावे. आणि क्लिअर कोटचे पापुद्रे निघू लागले असतील तर तिथे मशीन लावूच नये, पापुद्रा पसरत जातो.

गॅरेजवाल्याशी बोलताना

काम देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. आधी छोट्या जागेवर करून दाखवाल का? जाडी मोजण्याचे यंत्र आहे का? शेवटी अल्कोहोलने पुसून, उन्हात दाखवाल का? कोणता पॅड आणि कोणते पॉलिश वापरणार? चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतात, कारण त्याच्या कौशल्याची किंमत त्यातून कळते. ‘शोरूम कंडिशन’ हा शब्द मोजता येत नाही. त्याऐवजी “उन्हात हातभर अंतरावरून रेघा दिसायला नकोत, तेवढे करा, त्यापुढे नको,” असे स्पष्ट सांगावे. म्हणजे कुठे थांबायचे हे दोघांनाही काम सुरू होण्याआधीच माहीत असते. मोजलेले आकडे लिहून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवावेत. पुढच्या वेळी ते फार कामाला येतात.

सिरॅमिक कोटिंगबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. हा थर अतिशय पातळ असतो आणि रेघा बुजवत नाही, उलट त्या आत जशाच्या तशा राहतात. त्यामुळे पॉलिश त्याआधी करावे लागते. कोटिंगने पाणी आणि घाण लवकर निसटते, धुणे सोपे होते. पण वाळूभरल्या फडक्याने त्यावरही रेघा पडतात.

किती वेळा

नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीला मशीनचे पॉलिश दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही सौम्य, पुरेसे होते. पावसाळ्यानंतर धुणे, क्ले आणि वॅक्स एवढे केले तरी दसऱ्याला गाडी उठून दिसते, कारण वॅक्सने थर कमी होत नाही. वर्षभर दोन बादल्यांची पद्धत ठेवावी: एकीत शांपूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायचे साधे पाणी. मशीनच्या कामावर जाणाऱ्या पैशांतला थोडा वाटा चांगल्या फडक्यांवर खर्च केला, तर गाडीचा रंग कितीतरी जास्त वर्षे राहतो.

मध्यमवर्गीय घरात गाडी दहा-बारा वर्षे वापरायची असते आणि तिचा मूळ रंग एकदाच मिळतो. उरलेल्या दोन-चार बारीक रेघा म्हणजे कामातली उणीव नव्हे, त्या रेघांच्या बदल्यात काही मायक्रॉन पुढच्या वर्षांसाठी राखलेले असतात. म्हणून ज्या गॅरेजात कारागीर स्वतःहून म्हणतो, “साहेब, इथे थांबू या, पुढे रंग जाईल,” तिथे गाडी निर्धास्तपणे द्यावी.